टंचाईच्या तासाची जबाबदारी कोणाची? वीजबाजाराच्या रचनेविषयी

दादरला राहणाऱ्या आणि महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने मला तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. पहिला असा, की वीज एक्सचेंजवर, म्हणजे विजेच्या घाऊक बाजारात, दर पंधरा मिनिटांचा भाव ठरतो. टंचाई आली की भाव चढेल, भाव चढला की नवी केंद्रे उभी राहतील, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातले उत्तर विजेला का पुरत नाही? दुसरा, निर्मितीक्षमतेसाठी वेगळा बाजार लागतोच का? आणि तिसरा, यातले काहीही आधी केले असते तर १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई ठप्प होण्यापासून वाचली असती का? माझी बरीचशी नोकरी आधी भार प्रेषणाच्या, म्हणजे कोणते केंद्र केव्हा किती चालवायचे हे ठरवण्याच्या टेबलावर आणि नंतर वीजखरेदीच्या खात्यात गेली, त्यामुळे मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचे उत्तर नीट लागले की पहिल्या दोन प्रश्नांतला गुंता पुष्कळसा सुटतो.

त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. कळवा, पडघे आणि खारघर या पट्ट्यातल्या ४०० केव्ही वाहिन्यांपैकी काही आधीच बंद होत्या आणि उरलेल्यांवर भार येऊन त्याही आपोआप बंद (ट्रिप) झाल्या. देशात त्या वेळी विजेचा तुटवडा नव्हता. टाळेबंदीनंतरचे ते दिवस होते आणि चंद्रपूर-कोराडीकडची कोळशावरची केंद्रे पुरेशी वीज देऊ शकत होती, पण ती वीज खाडी ओलांडून शहरात आणणारे रस्तेच मिटले. अशा वेळी मुंबईला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून शहराच्या आतल्या केंद्रांवर तगवायचे, अशी योजना अनेक दशके अस्तित्वात आहे. तिला आम्ही आयलँडिंग, म्हणजे शहराचे बेट करणे, म्हणतो. तिच्या जोरावर पूर्वी अनेकदा राज्य अंधारात असताना मुंबई उजळलेली राहिली आणि मुंबईकरांना त्याची एवढी सवय झाली की ही योजना आहे हेच ते विसरले. त्या दिवशी मात्र ती टिकली नाही. बेट तोडले तरी आतली निर्मिती आतल्या मागणीच्या जवळपास असावी लागते आणि जो फरक उरेल तेवढा भार क्षणार्धात आपोआप तोडावा लागतो. फरक फार मोठा असेल तर फ्रिक्वेन्सी (विजेच्या दर सेकंदाच्या आवर्तनांची संख्या) घसरते, केंद्रे स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतात आणि सगळेच बसते.

म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे थेट उत्तर असे, की वाहिन्या पडणे कोणत्याही बाजाराने टळले नसते. पण शहराच्या आतली निर्मिती तेव्हा मागणीच्या मानाने बरीच कमी का होती, याचे उत्तर बाजाराच्या रचनेतच आहे. मेरिट ऑर्डरमध्ये ज्या केंद्राचा इंधनखर्च कमी त्याला आधी चालवायचे असा नियम असतो. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) आयात कोळशावरच्या किंवा वायूवरच्या संचापेक्षा विदर्भातल्या खाणीशेजारची वीज स्वस्त पडते. त्यामुळे नियमाप्रमाणे बाहेरची वीज आधी घेतली जाते आणि आतले केंद्र कमीत कमी भारावर चालते किंवा बंद राहते. रोजचा हिशेब केला तर हे बरोबरच आहे, कारण ग्राहकाचे पैसे वाचतात. अडचण अशी, की एक्सचेंजच्या दृष्टीने महाराष्ट्र, गुजरात आणि लगतचे प्रदेश मिळून एकच बोलीक्षेत्र आहे. तुर्भ्यात तयार होणारे युनिट आणि चंद्रपुरात तयार होणारे युनिट यांना त्या पंधरा मिनिटांत एकच भाव मिळतो. खाडीच्या अलीकडे असण्याला मोल आहे हे भार प्रेषण केंद्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, पण ते मोल कोणत्याही बिलात दिसत नाही. ज्या गोष्टीला भाव नाही ती हळूहळू नाहीशी होते आणि ती नाहीशी झाल्याचे एखाद्या सोमवारी सकाळी कळते.

आता येथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण चर्चेत त्या नेहमी एकमेकींत मिसळतात. कमाल मागणीच्या तासाला देशात किंवा राज्यात पुरेशी केंद्रे आहेत का, ही एक गोष्ट. तिला पर्याप्तता म्हणू. एखादी वाहिनी किंवा निर्मिती संच अचानक बंद पडला तर उरलेली यंत्रणा पुढची काही सेकंदे आणि मिनिटे तग धरते का, ही दुसरी. तिला सुरक्षितता म्हणू. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारत आणि दुसऱ्या दिवशी त्यासोबत पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला, साठ कोटींहून अधिक लोकांचा वीजपुरवठा गेला, तेव्हा पश्चिम विभागात वीज शिल्लक होती आणि तीच उत्तरेकडे ओढली जात असताना बीना-ग्वाल्हेर-आग्रा वाहिनी बंद पडली. एप्रिल २०२५ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल भर दुपारी बंद पडले तेव्हाही निर्मितीची कमतरता नव्हती. व्होल्टेज वर गेले आणि ते आवरता आले नाही. सुरक्षिततेसाठी राखीव क्षमता, व्होल्टेज सांभाळण्याची सोय, बाहेरून वीज न घेता स्वतः चालू होऊ शकणारी केंद्रे या सेवा यंत्रणाचालकाने स्वतंत्रपणे विकत घ्यायच्या असतात. खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथील एकूण ४४७ मेगावॉटच्या जलविद्युत केंद्रांचे मुंबईसाठीचे खरे मोल याच रकान्यात येते. ती वर्षभरात किती युनिट देतात हे पाहून त्यांची किंमत करणे म्हणजे अग्निशमन दलाची किंमत त्याने किती लिटर पाणी ओतले यावरून ठरवण्यासारखे आहे.

पर्याप्ततेचा प्रश्न मात्र खरोखर बाजाराचा आहे, आणि तो आपल्या पहिल्या प्रश्नाकडे नेतो.

भाजी महाग झाली की आपण ती कमी घेतो. विजेत असे घडत नाही, कारण सायंकाळी साडेसातला एक्सचेंजवर भाव किती आहे हे घरातल्या ग्राहकाला कळत नाही आणि कळले तरी त्याचा दर वीज नियामक आयोगाने वर्षासाठी ठरवलेला असतो. त्याहून महत्त्वाची अडचण वेगळी आहे. टंचाईच्या वेळी ज्याने खात्रीच्या पुरवठ्यासाठी जास्त पैसे मोजले त्याला चालू ठेवून शेजाऱ्याला बंद करता येत नाही. बंद होतो तो पूर्ण फिडर, म्हणजे एका भागातल्या सगळ्यांना वीज देणारी सामाईक वाहिनी. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महावितरणने फिडरांचे ए पासून जी पर्यंत गट केले होते आणि ज्या फिडरवर वीजहानी आणि थकबाकी जास्त तेथे भारनियमन जास्त, असा नियम होता. थकबाकीच्या फिडरवर राहणारा, दर महिन्याला वेळेवर बिल भरणारा माणूसही त्यात भरडला जाई. म्हणजे विश्वासार्हता ही फिडरवरच्या सगळ्यांची सामाईक वस्तू झाली, आणि सामाईक वस्तूसाठी एकट्याने आगाऊ पैसे कोणी मोजत नाही. स्मार्ट मीटरमुळे घराघरांत भेद करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होईल, पण ते करावे का, हा प्रश्न वीज अभियंत्याने एकट्याने सोडवण्याचा नाही.

याच्या जोडीला भावावरची मर्यादा येते. आपल्याकडे एक्सचेंजवर पूर्वी युनिटला २० रुपयांपर्यंत भाव जाऊ शकत असे. ऑक्टोबर २०२१ मधील कोळशाच्या टंचाईत आणि पुन्हा मार्च २०२२ च्या उन्हाळ्यात तो तेथवर पोचला, तेव्हा केंद्रीय आयोगाने एप्रिल २०२२ पासून ती मर्यादा १२ रुपयांवर आणि पुढच्या वर्षी १० रुपयांवर आणली. लोकक्षोभ पाहता हे समजण्यासारखे आहे आणि खरेदीच्या टेबलावर बसून मी स्वतः त्या दिवशी सुटकेचा निःश्वास टाकला होता. पण या मर्यादेचा परिणाम एका साध्या हिशेबात पाहावा. समजा केवळ टंचाईच्या तासांसाठी उभारलेल्या केंद्राचा स्थिर खर्च, म्हणजे कर्जाचा हप्ता, देखभाल आणि माणसांचे पगार मिळून, दर मेगावॉटला वर्षाला ६० लाख रुपये आहे आणि त्याची गरज वर्षातून फक्त ३० तास पडते. हा आकडा मी समजण्यासाठी धरला आहे. एक मेगावॉट ३० तास चालले की ३०,००० युनिट होतात. स्थिर खर्च एवढ्या युनिटांतूनच काढायचा तर इंधन सोडून प्रत्येक युनिटमागे २०० रुपये मिळायला हवेत. आता भावाची मर्यादा १० रुपये आणि इंधनाचा खर्च ८ रुपये असेल, तर त्या केंद्राला वर्षभरात मिळतात ६० हजार रुपये. ६० लाखांच्या खर्चासमोर ६० हजारांची कमाई पाहून कोणती बँक कर्ज देईल? अर्थशास्त्रज्ञ याला हरवलेला पैसा म्हणतात आणि पहिल्या धड्यातले उत्तर नेमके येथे थांबते.

मग मर्यादा काढून टाकावी का? अमेरिकेतील टेक्सासने बराच काळ हाच मार्ग धरला. तेथे क्षमतेसाठी वेगळे पैसे नव्हते. त्याऐवजी टंचाईत भाव मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरपर्यंत चढू दिला जाई. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीच्या लाटेत वायूच्या विहिरी, पाइपलाइन आणि केंद्रांची उपकरणे गोठली, सुमारे २०,००० मेगावॉट भार तोडावा लागला, यंत्रणा पूर्ण कोसळण्यापासून जेमतेम साडेचार मिनिटांवर होती आणि राज्य सरकारच्या नोंदीनुसार २४६ माणसे मृत्युमुखी पडली. भाव कित्येक दिवस कमाल मर्यादेवर होता, पण गोठलेल्या विहिरीला भाव वाचता येत नाही. चढा भाव पुढच्या वर्षासाठी इशारा देतो. आज रात्रीसाठी त्याचा उपयोग तेव्हाच होतो जेव्हा कोणीतरी तो भाव येईल या भीतीने आधीच तयारी केलेली असते. केंद्रांना थंडीपासून संरक्षण करण्याची सक्ती तेव्हा नव्हती आणि दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या लाटेवर स्वतःच्या खिशातून खर्च करणे कोणत्याही एका केंद्राला परवडणारे वाटले नाही. पुढे तेथेही मर्यादा ५,००० डॉलरवर आणली गेली.

उलट बाजूचे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे आणि आपल्याला ते जास्त जवळचे वाटायला हवे. जून २०२२ मध्ये कोळसा आणि वायू महागले, भाव सतत चढे राहिले म्हणून नियमाप्रमाणे मेगावॉट-तासाला ३०० ऑस्ट्रेलियन डॉलरची तात्पुरती मर्यादा लागू झाली. काही केंद्रांचा इंधनखर्चच त्याहून अधिक असल्याने त्यांनी बोली मागे घेतल्या, कारण यंत्रणाचालकाने सक्तीने चालवल्यावर भरपाईचा वेगळा मार्ग त्यांना खुला होता. शेवटी १५ जूनला बाजारच काही दिवसांसाठी स्थगित करावा लागला. आपल्याकडे मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने वीज कायद्याचे कलम ११ वापरून आयात कोळशावरच्या केंद्रांना चालण्याचा आदेश दिला, तो याच जातीच्या पेचातून. भावाची मर्यादा घातली की टंचाईच्या तासाला केंद्र चालवण्याचे कारण दुसरीकडून पुरवावे लागते. ते आधी करारात लिहून ठेवले नसेल तर ऐनवेळी सरकारी आदेशाने पुरवावे लागते, आणि आदेशाने चाललेल्या केंद्राचा हिशेब पुढे कित्येक महिने आयोगापुढे चालतो.

यावरून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, क्षमतेसाठी वेगळे पैसे द्यावेच लागतात’ असे निघते. पण लगेच पुढची गोष्ट सांगायला हवी, की आपण ते गेली तीन दशके देत आहोत. त्याला बाजार म्हणत नाही एवढेच. वितरण कंपनीचा दीर्घ मुदतीचा वीजखरेदी करार दोन भागांचा असतो: युनिटमागे बदलता आकार आणि केंद्र उपलब्ध असल्याबद्दल स्थिर आकार. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. दाभोळच्या प्रकल्पाने हे महाराष्ट्राला फार महागात शिकवले. १९९९ च्या मे महिन्यात त्याचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा चालू झाला, वीज इतकी महाग पडली की राज्य वीज मंडळाने ती घ्यायची कमी केली, स्थिर आकाराचे ओझे मात्र कायम राहिले आणि २००१ मध्ये केंद्रच बंद पडले. त्या अनुभवानंतर आपल्याकडे स्थिर आकार हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस सावध होतो. त्यात त्याची चूक नाही. पण दाभोळमध्ये क्षमतेसाठी पैसे देणे ही मूळ चूक नव्हती. किती क्षमता हवी याचा अंदाज चुकला, भाव डॉलर आणि आयात इंधनाशी बांधला गेला आणि स्पर्धात्मक बोली न मागवता करार झाला, या त्या चुका होत्या.

आजच्या करारांतली त्रुटी वेगळी आहे आणि मला ती अधिक बोचते. कोळशावरच्या केंद्राला पूर्ण स्थिर आकार मिळण्यासाठी साधारणपणे वर्षभरातली सरासरी उपलब्धता ८५ टक्के असावी लागते. सरासरी वर्षाची आहे हे लक्षात घ्या. पावसाळ्यात मागणी कमी असताना केंद्र शंभर टक्के उपलब्ध राहिले आणि एप्रिलच्या उकाड्यात कोळसा नाही म्हणून अर्धे बंद पडले, तरी वर्षाचा हिशेब जुळतो. २०१९ पासूनच्या केंद्रीय नियमांनी ही वसुली जास्त मागणीचे तीन महिने आणि उरलेले नऊ, तसेच दिवसातले चढ्या मागणीचे चार तास आणि इतर वेळ अशी विभागली, हे योग्य पाऊल होते. तरीही मूळ दृष्टी बदललेली नाही. केंद्र उभे आहे याबद्दल आपण पैसे देतो. ठरलेल्या तासाला, ठरलेल्या ठिकाणी, इंधनासह हजर राहण्याबद्दल देत नाही. उरणच्या ६७२ मेगावॉटच्या वायूकेंद्राला वर्षानुवर्षे पुरेसा वायूच मिळत नाही. कागदावरची क्षमता मोजली तर राज्य श्रीमंत दिसते, आणि सायंकाळी सात वाजता तेच राज्य एक्सचेंजवर बोली लावत असते.

परदेशातले क्षमता बाजार याच दगडावर ठेचकाळून सुधारले. अमेरिकेच्या पूर्व भागातील पीजेएम या यंत्रणेत २००७ पासून क्षमतेचा लिलाव होतो. जानेवारी २०१४ च्या थंडीत तेथील सुमारे २२ टक्के क्षमता ऐनवेळी बंद निघाली. त्या सगळ्या केंद्रांना क्षमतेचे पैसे मिळत होते. त्यानंतर नियम बदलले आणि आणीबाणीच्या तासाला हजर नसणाऱ्याला जबर दंड, हजर राहून जास्त देणाऱ्याला त्यातूनच बक्षीस, अशी रचना आली. तरीही डिसेंबर २०२२ च्या वादळात पुन्हा मोठ्या प्रमाणावर केंद्रे बंद पडली, म्हणजे दंडानेही सगळे साधत नाही. पुढे २०२५-२६ या वर्षासाठीच्या लिलावात भाव दिवसाला मेगावॉटमागे सुमारे २९ डॉलरवरून जवळपास २७० डॉलरवर गेला. जुनी केंद्रे बंद होणे, डेटा सेंटरची वाढती मागणी आणि क्षमता मोजण्याचे कडक झालेले निकष ही त्याची कारणे. नवी मुंबईत आणि पवईत उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांकडे पाहून आपणही तो आकडा लक्षात ठेवावा. ब्रिटनने डिसेंबर २०१४ मध्ये आपला पहिला क्षमता लिलाव घेतला. तेथे केंद्रीय यंत्रणा गरज ठरवते आणि खर्च सर्व पुरवठादारांवर वाटते. ही पद्धत आटोपशीर आहे, पण गरज जास्त सांगण्याकडे केंद्रीय नियोजकाचा नेहमी कल असतो, कारण वीज गेली तर दोष त्याच्यावर येतो आणि बिल वाढले तर ते सगळ्यांत वाटले जाते. मी नियोजनात असतो तर मीही तेच केले असते.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. बाजाराचा कोणताही नमुना निवडा, टंचाईच्या तासाला वीज न दिल्याचा खर्च ज्याच्या हिशेबात येत नाही त्याच्यावर खरेदीची जबाबदारी असेल, तर ती रचना उभी राहत नाही. एका वितरण कंपनीच्या खरेदी विभागात असताना मी हे रोज पाहिले. दुसऱ्या दिवसासाठीच्या लिलावात सायंकाळच्या बोली कमाल मर्यादेला पोचत. मागणी पुरवठ्याहून अधिक असल्याने उपलब्ध वीज बोलीच्या प्रमाणात वाटली जाई आणि आमच्या वाट्याला मागितल्याचा काही अंशच येई. उरलेल्यासाठी दोन मार्ग असत: महागडे अल्पमुदतीचे करार, किंवा काही फिडर तासभर बंद. पहिल्या मार्गाचा खर्च त्याच महिन्याच्या ताळेबंदात दिसे आणि आयोगापुढे त्याचा जाब द्यावा लागे. दुसऱ्याचा खर्च शून्य दिसे. खरे तर वीजखरेदीच्या तक्त्यात ती बचत म्हणून दिसे, कारण ग्रामीण फिडरवर युनिटमागे मिळणारा महसूल त्या वेळच्या खरेदीभावाहून कमी होता. तो निर्णय घेणारे लोक वाईट नव्हते, त्यांतला एक मीही होतो. आमच्यासमोर ठेवलेल्या कागदावर पिठाच्या गिरणीत अडकलेले दळण आणि बारावीच्या परीक्षेचा अभ्यास यांचा रकानाच नव्हता. फ्यूज, वाहिनी, भूमिगत केबल किंवा रोहित्र बिघडले आणि ठरल्या वेळेत दुरुस्त झाले नाही तर ग्राहकाला भरपाईची तरतूद नियमांत आहे. खरेदीच न केल्यामुळे गेलेल्या विजेला तसा जाब नव्हता.

म्हणून केंद्रीय पातळीवरचा एकच मोठा क्षमता लिलाव भारतात लगेच आणावा असे माझे मत नाही. वितरण कंपनीवर बंधन घालण्याचा जो मार्ग आपण धरला आहे तो मला अधिक योग्य वाटतो. २०२३ मध्ये केंद्राने संसाधन पर्याप्ततेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या आयोगाने त्यावर स्वतःचे विनियम केले. प्रत्येक वितरण कंपनीने पुढच्या वर्षांची मागणी तासागणिक मांडायची, तिच्या कमाल मागणीबरोबर राखीव क्षमतेचा वाटाही करारबद्ध आहे हे दाखवायचे, आणि दाखवता आले नाही तर दंड भरायचा, असा त्याचा गाभा आहे. क्षमतेचा बाजार याच्या पोटातून येऊ शकतो: एका कंपनीकडे हिवाळ्यात उरते ते दुसरीला विकता येईल, बॅटरीवाल्याला सायंकाळच्या तीन तासांचाच करार मिळेल, शीतगृह किंवा पोलाद भट्टी मागणी कमी करण्याचे वचन विकेल. पुण्यात २००६ मध्ये उद्योगांनी आपापले डिझेल जनित्र आणि स्वतःच्या वापरासाठीची (कॅप्टिव्ह) केंद्रे चढ्या मागणीच्या वेळी चालवली, शहरातल्या ग्राहकांनी त्यासाठी विश्वासार्हता आकार भरला आणि शहर भारनियमनातून सुटले, त्यातही हेच तत्त्व होते. गावे बंद आणि शहर चालू, अशी त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. पण कोण, कोणत्या तासाला, किती पैशांत किती मेगावॉट देईल किंवा सोडेल हे आधी कागदावर आले की टंचाई कशी हाताळता येते, ते त्या प्रयोगाने दाखवले.

या नव्या विनियमांची कसोटी तीन ठिकाणी लागेल असे मला वाटते. पहिले, केंद्राची क्षमता मोजताना कोणता तास धरला जातो. सौरऊर्जेमुळे दुपारी वीज मुबलक आणि स्वस्त झाली आहे, ताण सूर्यास्तानंतरच्या तासांत गेला आहे. तेव्हा सौर केंद्राला, कोळशाच्या केंद्राला आणि दोन तासांच्या बॅटरीला त्या सायंकाळच्या तासांतली त्यांची नोंद पाहूनच श्रेय द्यायला हवे. दुसरे, दंड किती. टंचाईच्या वेळी वीज विकत घेण्यापेक्षा दंड स्वस्त असेल तर माझ्या जागी आज बसलेला अधिकारी दंड निवडेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. तिसरे, सरकारी वितरण कंपनीचा दंड शेवटी कोण भरते. तो पुढच्या वर्षीच्या दरात मिसळला तर ग्राहकच स्वतःला वीज न मिळाल्याचा दंड भरेल.

मुंबईसाठी यात ठिकाणाची अट जोडावी लागते. २०२० नंतर वाहिन्यांची बाजू सुधारली आहे. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्ही वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली आणि कुडूस ते आरे असा १,००० मेगावॉटचा डीसी (एकदिश प्रवाहाचा) दुवाही हाती घेतला गेला. वाहिन्या वाढल्या की बाहेरची स्वस्त वीज आणखी सहज येईल आणि आतल्या महाग केंद्रांना मेरिट ऑर्डरमध्ये बोलावणे आणखी कमी होईल. डहाणूचे ५०० मेगावॉट शहराच्या बाहेर असूनही आतले धरले जातात, तुर्भ्याचे संच जुने होत आहेत आणि चेंबूर-माहुलच्या रहिवाशांना ते तेथे नकोच आहेत, याकडेही डोळेझाक करता येणार नाही. त्यामुळे ‘आतली केंद्रे चालवत ठेवा’ असे मोघम म्हणण्याऐवजी बेट तोडल्यावर पहिला तासभर शहर तगवायला किती मेगावॉट लागतील हे ठरवावे, आणि तेवढे खाडीच्या अलीकडून स्पर्धात्मक बोलीने विकत घ्यावे. बोली लावणारा कोळशाचा असो, वायूचा असो, बॅटरीचा असो किंवा सूचना मिळताच भार सोडणारा असो. अट एवढीच, की वर्षातून किमान दोनदा पूर्वसूचना न देता चाचणी होईल आणि चाचणीत नापास झाला तर त्या वर्षाचे पैसे परत करावे लागतील.

याचा भार किती पडेल, असे त्या प्राध्यापिकेने विचारलेले नाही, पण पुढचा प्रश्न तोच असणार. मघाचाच ६० लाखांचा आकडा धरून ५०० मेगावॉट विकत घेतले तर वर्षाला ३०० कोटी रुपये लागतात. मुंबईची कमाल मागणी चार हजार मेगावॉटच्या घरात आणि भारांक, म्हणजे कमाल मागणीच्या तुलनेत सरासरी वापर, साठ टक्के धरला तर वर्षाचा खप सुमारे २,१०० कोटी युनिट होतो, म्हणजे युनिटमागे साधारण १४ पैसे. महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या घराला ४२-४३ रुपये. बेस्ट, अदानी, टाटा आणि मुलुंड-भांडुपला वीज देणारी महावितरण या चौघांनी तो आकार सारखाच लावायला हवा, कारण बेट तुटते तेव्हा ते चौघांसाठी एकच असते. एकाने कमी खरेदी करून दुसऱ्याच्या राखीव क्षमतेवर तरून जायचे ठरवले तर पुढच्या वर्षी दुसराही तेच करेल. म्हणून ही खरेदी चौघांच्या वतीने राज्य भार प्रेषण केंद्राने करावी आणि चाचणीच्या अहवालावर त्याच्याच प्रमुखाची सही असावी, असे मी सुचवीन.